काढलेली नाही, फक्त झाकली आहे

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या गानवृंदाचे नवे संचालक, तत्पर चिटणीस, व्यासपीठावरचे इतर मान्यवर, ज्यांची ओळख मघाशी सविस्तर करून दिली गेली आणि तरीही मला पटली नाही. समोर बसलेल्या माझ्या गायिका मैत्रिणी, त्यांना सोडायला म्हणून आलेले आणि आता अडकून पडलेले त्यांच्या घरचे लोक, आणि मागच्या दाराशी उभे राहून चहाच्या किटलीवर नजर ठेवणारे सर्व रसिक हो,

सर्वांना मनापासून नमस्कार.

मला 'दोन शब्द' बोलायला सांगितलं आहे. मी सारा जन्म छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून काढला, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं. त्या अनुभवावरून सांगते, 'दोन शब्द' असा मथळा असला की खाली निदान चार पानं असतात. तेव्हा सावरून बसा.

आज आम्हा तिघींचा निरोप समारंभ आहे. एक मी. दुसऱ्या माझ्या वन्सं, म्हणजे माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण. यजमान गेल्यावर आम्ही दोघी एकाच घरात राहतो आणि एकाच वर्तमानपत्रावरून भांडतो. तिसऱ्या बेकरीवाल्या बाई, ज्यांच्या हातचा पाव इथल्या प्रत्येकानं खाल्ला आहे आणि ज्यांचं गाणं इथल्या कोणीच ऐकलेलं नाही. याचं कारण असं की आम्ही तिघी मिळून या वृंदाचा तिसरा आवाज आहोत. पहिला आवाज वरचा, दुसरा मधला, तिसरा खालचा. खालचा आवाज कोणाला ऐकू येत नाही. तो नसला तर मात्र काहीतरी चुकतंय असं सगळ्यांना वाटतं, आणि मग लोक पंख्याकडे बघतात.

आत्ताच अध्यक्षांच्या हस्ते आम्हाला हे काचेचं स्मृतिचिन्ह मिळालं. फार सुंदर आहे. यावर कोरलेलं संगीताचं चिन्ह उलटं आहे, म्हणजे आरशात बघितलं की बरोबर दिसतं. मी ते आरशासमोरच ठेवीन. आभारी आहे.

हा समारंभ कसा ठरला ते सांगते, कारण निमंत्रणपत्रिकेत तेवढंच राहून गेलं आहे. एके दिवशी चिटणीसांचा फोन आला.

"ताई, आनंदाची बातमी! समितीनं तुमचा तिघींचा सत्कार करायचं ठरवलंय."

"कशाबद्दल?"

"आतापर्यंतच्या सगळ्याबद्दल."

"आणि यापुढच्या?"

चिटणीस थोडं खाकरले. "यापुढे आता सन्मानपूर्वक विश्रांती, ताई. किती वर्षं राबलात!"

चिटणीस, तुमचं मन फार मोठं. पण राबत होते ते मी छापखान्यात. इथे मी गात होते.

आपल्या समितीतल्या एकाही गृहस्थाला गाता येत नाही. माझी याबद्दल तक्रार नाही. गाता येत असतं तर ते समितीत कशाला आले असते?

फोन ठेवला तेव्हा वन्सं शेजारीच बसून निळ्या पोशाखाची उसवलेली बाही शिवत होत्या. निळा पोशाख म्हणजे आपल्या वृंदाचा, सगळ्यांना माहीत आहे. वन्संना एकाच कानानं ऐकू येतं, उजव्या. मी त्या कानाशी जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी दोरा दातानं तोडला आणि विचारलं, "विश्रांती म्हणजे किती घरं?"

जे गात नाहीत त्यांच्यासाठी सांगते. संगीताच्या कागदावर उभ्या रेघा असतात. दोन रेघांमधल्या जागेला आपण इथे घर म्हणतो. एखाद्या आवाजाला थांबायचं असेल तर किती घरं थांबायचं, हे कागदावर लिहिलेलं असतं. तेवढी मोजायची आणि पुन्हा सुरू करायचं. वन्सं आयुष्यभर मोजत आल्या आहेत. किती घरं ते न सांगता कोणी गप्प बसवतं, ही कल्पनाच त्यांना नवीन होती.

मी म्हटलं, "वन्सं, ते त्यांनी लिहिलेलं नाही."

"मग विचार की!"

तेच विचारायला मी आज इथे उभी आहे.

आता थोडं मागे जाते. अध्यक्ष, आपण घड्याळाकडे पाहिलंत ते मी पाहिलं. माझी हरकत नाही, घड्याळ बघण्यासाठीच असतं.

आपल्या वृंदाच्या पहिल्या संचालिका, ज्यांना आपण सगळे 'बाई' म्हणायचो, त्यांनी हा वृंद उभा केला. गाणी त्याच बांधायच्या, तीन आवाजांत, स्वतःच्या हातानं लिहून. बाई देवमाणूस होत्या. हस्ताक्षर राक्षसाचं होतं. त्या कागदांच्या झेरॉक्स निघाल्या, त्या झेरॉक्सच्या झेरॉक्स निघाल्या. शेवटी शेवटी तर सूर कुठला आणि घाण कुठली हे कळेना. एका गाण्यात आम्ही कित्येक वर्षं एक जादा सूर म्हणत होतो. पुढे कळलं की तो झेरॉक्स मशीनच्या काचेवरचा डाग होता. चांगला लागायचा.

बाई गेल्या. जाण्याआधी मला म्हणाल्या, "तू छापखान्यातली ना? मग हे सगळं नीट करून ठेव." विषय संपला. बाईंच्या बोलण्यात 'कृपया' नसायचं.

मी सुनेला विचारलं. माझी सून कंप्युटरवर काम करते. नेमकं काय करते ते तिनं मला तीनदा समजावलं आहे आणि मी तीनदा मान हलवली आहे. मी म्हटलं, "ते ठिपके आणि शेपट्या त्या माउसनं काढायला मला जमणार नाही. माझा हात थरथरतो."

ती म्हणाली, "आई, काढायचंच नाही. लिहायचं."

आणि तिनं मला तो प्रोग्रॅम दाखवला. मंडळी, त्यात चित्र काढावं लागत नाही. साध्या अक्षरांत लिहायचं. सी, डी, ई, एफ ही स्वरांची नावं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी पियानोवर टॉवेल टाकून आमच्याकडून ती म्हणून घेतली होती. टॉवेल यासाठी, की पट्ट्या न बघता सूर डोक्यात ऐकू यावा. अक्षरापुढे आकडा लिहिला की तो सूर किती लांब ते कळतं. एक म्हणजे पूर्ण, दोन म्हणजे त्याचा अर्धा, चार म्हणजे पाव, आठ म्हणजे त्याच्याही निम्मा. आकडा जितका मोठा तितका सूर छोटा. समितीत काम केलेल्यांना हे समजायला जड जाणार नाही.

आणि एकदा चार लिहिलं की पुढच्या सगळ्या सुरांना ते चारच धरतं. पुन्हा सांगावं लागत नाही. एकदा सांगितलेलं लक्षात ठेवणारं कोणी माझ्या घरात याआधी नव्हतं. माझे यजमान फार चांगले होते, पण या बाबतीत नाही.

मग सगळं लिहून झालं की बटण दाबायचं, आणि यंत्र स्वतः सुबक पान तयार करून देतं. घरातला हिशेब जुळला नाही, तर कितव्या ओळीत, कितव्या अक्षरापाशी चुकलं ते सांगतं. बोलत नाही, रागावत नाही, 'बघू पुढच्या बैठकीत' म्हणत नाही. मी तर त्याच्या प्रेमातच पडले. सून म्हणाली, "आई, डोळे दुखतील." मी म्हटलं, "बारीक टाइपातल्या टेलिफोन डिरेक्टऱ्या तपासल्यात मी. तू जा."

बाईंची सगळी गाणी मी अशी लिहून काढली. प्रत्येक आवाजाची ओळ वेगळी. काचेवरचा डाग काढला. त्यावर पहिल्या आवाजानं नाराजी व्यक्त केली, पण काढला.

आणखी एक गोष्ट सुनेनं शिकवली, ती नीट ऐका. ओळीच्या आधी टक्क्याचं चिन्ह टाकलं, की यंत्र ती ओळ वाचत नाही. ओळ तिथेच असते. तुम्हाला दिसते. पण छापलेल्या पानावर ती येत नाही, जशी काही नव्हतीच.

मी विचारलं, "मग पुसूनच का टाकत नाहीत?"

"पुन्हा लागली तर असावी म्हणून."

मला फार आवडलं ते. मी टक्के टाकून स्वतःसाठी खुणा लिहू लागले. 'इथे श्वास घ्या.' 'इथे वन्संना उशीर होतो, थांबा.' 'इथे बेकरीवाल्या बाई डोळे मिटतात, त्यांना कोपर मारा.' बेकरीवाल्या बाई, आता हसू नका, आपण मिटता.

तर, बाईंच्या जागी नवे संचालक आले. व्यासपीठावर डावीकडून दुसरे. सुशिक्षित, नम्र, टापटिपीचे गृहस्थ आहेत. मला 'ताई' म्हणतात. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले की वृंदाचा आवाज 'फ्रेश' हवा. बेकरीवाल्या बाई माझ्या कानात म्हणाल्या, "पावाबद्दल बोलतात काय हे?" मी म्हटलं, "नाही, आपल्याबद्दल."

नंतर आमच्या तालमीच्या वेळा बदलल्या, त्या आम्हाला कळल्या नाहीत. मग खुर्च्या कमी पडू लागल्या, नेमक्या तीन. मग तो फोन आला.

निरोपाच्या समारंभाच्या शेवटी बाईंचं ते संध्याकाळचं गाणं व्हावं असं ठरलं. उत्तम. बाईंच्या सगळ्या बांधणीत ते माझं सर्वांत आवडतं. पण वृंदानं ते आमच्याशिवाय म्हणायचं आणि आम्ही पुढच्या रांगेत पुष्पगुच्छ घेऊन ऐकायचं, असंही ठरलं. 'साध्या पोशाखात या' असा निरोप होता. मी साध्या पोशाखात आले आहे. वन्संनी मात्र निळाच घातला आहे. मी त्यांना काही बोलले नाही. तुम्हीही बोलू नका.

आता त्या गाण्यात एक जागा आहे. दुसऱ्या कडव्यात पहिला आणि दुसरा आवाज थांबतात, दोन घरं. त्या दोन घरांत फक्त तिसरा आवाज असतो. एकटा. खालून एक एक पायरी चढत येतो आणि जिथे थांबतो, तोच सूर पकडून पहिला आवाज पुन्हा सुरू होतो. बाईंनी आम्हाला साऱ्या गाण्यांत मिळून दिलेली तेवढीच दोन घरं. बाकी सगळीकडे आम्ही भिंतीच्या आतल्या विटा.

या गाण्याच्या तालमीला मी गेले होते. मला बोलावलं नव्हतं. पानं पोचवायच्या निमित्तानं गेले. दुसरं कडवं आलं. पहिला आवाज थांबला, दुसरा थांबला, आणि मग काही नाही. दोन घरं नुसती शांतता. खुर्ची करकरली तेवढीच.

अध्यक्षही हजर होते. ते उभे राहिले आणि म्हणाले, "वा! काय विलक्षण जागा आहे ही! अंगावर काटा आला."

संचालक म्हणाले, "तो पॉज मुद्दाम ठेवला आहे."

चिटणीसांनी ते वहीत टिपून घेतलं.

अध्यक्ष महोदय, आपल्या रसिकतेबद्दल मला आदर आहे. पण आपल्या अंगावर काटा आला, तो तीन बायका तिथे नव्हत्या म्हणून आला.

आता गंमत पुढेच आहे. शांतता संपली. पहिल्या आवाजानं सुरू करायचं, पण कुठल्या सुरावर? तो सूर तर आमच्याकडून घ्यायचा होता. पहिल्या आवाजात चार जणी आहेत. चार सूर निघाले. आमच्या पहिल्या आवाजाच्या प्रमुख, ज्यांना आपण प्रेमानं 'शिट्टी' म्हणतो, त्या म्हणाल्या, "सर, मला इथे धरायला काहीच नाही." फार खरं बोलल्या. मी तर म्हणेन, त्या दिवशी तालमीत बोललेलं तेवढंच एक वाक्य खरं होतं.

संचालकांनी तोडगा काढला. तो पहिला सूर सापडत नाही ना? मग तो सूरच नको. मी त्यांना दिलेल्या फाइलीतून त्यांनी तो एक सूर खोडला आणि हिशेब जुळावा म्हणून त्याच्या जागी तेवढीच विश्रांती लिहिली.

इथे या लिखाणातली एक खोड सांगायला हवी. यात प्रत्येक सूर आधीच्या सुराच्या जवळचा धरला जातो. खालच्या सप्तकात उतरायचं असेल तर अक्षरापुढे एक स्वल्पविराम टाकायचा. एकदा टाकला की पुढचं सगळं आपोआप खाली. म्हणजे एकाच्या आधारानं दुसरा, दुसऱ्याच्या आधारानं तिसरा. मधला एक काढला तर पुढच्या सगळ्यांना धक्का. संचालकांनी जो सूर खोडला, नेमका त्यालाच तो स्वल्पविराम होता. सुराबरोबर तोही गेला, आणि तिथून गाण्याच्या शेवटापर्यंत पहिला आवाज एक अख्खं सप्तक वर चढला.

पानं छापली गेली. आणि मंडळी, त्या चौघींनी ते म्हटलं! त्या तालमीलाही मी काहीतरी निमित्त काढून गेले होते आणि निघताना बाहेर ओट्यावर चप्पल घालत होते. आत कोणाला काही चावलं की काय असं मला वाटलं. एका गायिकेचं बाळ मांडीवर होतं, ते रडायला लागलं, आणि त्याचा सूर त्यांच्याशी तंतोतंत मिळाला. मी नंतर शिट्टीला विचारलं, "अगं, एवढ्या वर कशा गेलात तुम्ही?" ती घसा धरून म्हणाली, "छापलंय ना? मग म्हणायचं."

मुद्रितशोधकानं ऐकावं असं याहून भयंकर वाक्य नाही.

घरी पोचते तोच संचालकांचा फोन. "ताई, तुमच्या फाइलमध्ये काहीतरी बिघाड आहे."

"माझ्या फाइलमध्ये नाही, तुमच्या कात्रीत असेल."

पण गेले. त्यांच्या टेबलाशी बसून फाइल उघडली. गेलेला सूर परत लिहिला, त्याच्यापुढे स्वल्पविराम टाकला. एका स्वल्पविरामानं चार बायका जमिनीवर आल्या. मग सहज खाली बघितलं, आणि तिथे तिसऱ्या आवाजाच्या प्रत्येक ओळीच्या आधी टक्क्याचं चिन्ह होतं.

मी काही बोलायच्या आत संचालक म्हणाले, "ताई, गैरसमज नको. ओळ काढलेली नाही. फक्त झाकली आहे."

रसिक हो, मी उभ्या आयुष्यात पुष्कळ अपमान ऐकले आहेत. एका लेखकानं मला 'टाचणी' म्हटलं होतं. पण इतका नेमका, इतका सभ्य आणि व्याकरणदृष्ट्या इतका निर्दोष अपमान माझा कोणी केला नव्हता. आम्हाला काढलेलं नाही. आम्ही आहोत. पुढच्या रांगेत आहोत, हातात फुलं आहेत, मांडीवर उलट्या चिन्हाची काच आहे. फक्त पानावर येणार नाही.

मी त्यांना विचारलं, "आणि ती दोन रिकामी घरं?"

"अध्यक्षांना आवडली."

"आणि शिट्टीनं सूर कुठून घ्यायचा?"

"पियानोवर एक पट्टी वाजवू आपण."

वन्संच्या जागी एक पट्टी. घरी येऊन मी हे वन्संना सांगितलं नाही. त्या रोज दुपारी स्वयंपाकघरात भांडी पुसताना ती दोन घरं म्हणतात. चढत जातात, वरच्या सुरावर थांबतात आणि वाट बघतात. पुढचं कोणी म्हणत नाही, तेव्हा पुन्हा खालून सुरू करतात.

चिटणीसांकडून चिठ्ठी आली आहे. 'दोन मिनिटं' असं लिहिलं आहे. दोन मिनिटं झाली की दोन राहिली, त्याचा खुलासा नाही. मी माझ्या सोयीनं वाचते.

आता आभार. अध्यक्षांचे आभार, की त्यांनी आम्हाला विश्रांती दिली. ती किती घरांची हे त्यांनी सांगितलं नाही, म्हणून मीच मोजली: त्या फोनपासून या क्षणापर्यंत. भरली. समितीचे आभार, की खुर्च्या कमी असूनही आज तीन मिळाल्या. माझ्या सुनेचे आभार; ती मागच्या खांबाशी बसली आहे आणि तिनं आता दोन्ही हातांनी तोंड झाकलं आहे. आणि संचालकांचे विशेष आभार, कारण त्यांना फाइल उघडायची भीती बसली आणि आजच्या गाण्याची पानं छापून आणायचं काम त्यांनी माझ्याकडेच सोपवलं. विश्वास म्हणतात तो हा.

ती पानं समारंभाच्या सुरुवातीपासून आपल्या सर्वांच्या खुर्च्यांवर आहेत. काही जणी त्यांनी वारा घेत आहेत. शिट्टी, तुझं पान जरा उघड बाळ. दुसरं कडवं. सांग बघू, किती ओळी आहेत?

तीन. माईकवर सांगायची गरज नाही, ऐकू आलं.

मी काहीही नवीन लिहिलेलं नाही, संचालक. एक सूरही बदलला नाही. फक्त टक्के पुसले. यंत्राला विचारलं, त्याची काही तक्रार नाही; घरांचा हिशेब जुळतो. बाईंनी लिहिलं तेच आता सगळ्यांच्या हातात आहे. आता छापलंय ना? मग म्हणायचं.

आपण मला हे न सांगता केलंत, मी आपल्याला दीडशे लोकांसमोर सांगून करते आहे. एवढाच काय तो फरक. अजूनही आपल्या हातात आहे. आपण 'नको' म्हणालात, तर आम्ही तिघी खाली बसू, आणि त्या दोन घरांत ही सगळी मंडळी काय ऐकतात ते आपण मिळून बघू.

आपण काही म्हणाला नाहीत. आभारी आहे.

बोलण्याच्या भरात माझ्याकडून काही जास्त बोललं गेलं असेल, कोणाच्या मनाला लागलं असेल, तर त्या वाक्यांच्या आधी आपण टक्क्याचं चिन्ह टाकावं, ही नम्र विनंती. पुसू मात्र नका. पुन्हा लागली तर असावीत.

बेकरीवाल्या बाई, या. डोळे उघडे ठेवा. वन्सं, उठा. फुलं खुर्चीवर ठेवा. उजवा कान माझ्याकडे.

संचालक, हात वर घ्या. दुसऱ्या कडव्यात ती दोन घरं आली की आपण नाही मोजलंत तरी चालेल. आम्ही मोजतो.